सावित्रीबाईंचं माहेर

 

आपल्या गटाची सहल म्हटली की गाडी कुठं जाते, ते सांगायची गरज नाही. तुळजापूर, येरमाळा, पंढरपूर, फार तर अक्कलकोट आणि गाणगापूर. या वर्षी आमच्या ग्रामसंघातल्या बारा जणी मात्र सावित्रीबाई फुले यांच्या गावाला, नायगावला जाऊन आलो. आता ३ जानेवारी जवळ आली आहे. शाळाशाळांत फोटोला हार घातले जातील, पोरी नऊवारी नेसून भाषणं करतील. त्याच्या आधी तुमच्याशी या गावाबद्दल बोलावं असं वाटलं.

आधी जाण्याची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण तुम्हालाही जायचं असेल तर ती उपयोगी पडेल. जानेवारीपासून बचतीच्या सोबत दर महिन्याला शंभर रुपये बाजूला काढले. आठ महिन्यांत एकीचे आठशे, बारा जणींचे नऊ हजार सहाशे झाले. त्यात गाडी ठरवली आणि चहापाणी भागलं. गटाच्या बचतीला हात लावला नाही. सोयाबीनची खुरपणी उरकली होती आणि काढणीला वेळ होता, असे दिवस निवडले. धपाटे, शेंगाची चटणी, दही घरून बांधून घेतलं आणि पहाटे तीनला निघालो. बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर, बारामती, मग लोणंद. अडीचशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे.

आपलं धाराशिव बालाघाटच्या डोंगरावरचं, त्यामुळे डोंगर आपल्याला नवे नाहीत. पण लोणंद मागे टाकून शिरवळच्या बाजूला लागलो की सह्याद्रीच्या रांगा समोर येतात. पावसाळ्यात सगळं हिरवंगार असतं. आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "एवढं पाणी आपल्याकडं असतं तर उसाला कोयता घेऊन जायची पाळी आली नसती." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं त्याचा संबंध येणार आहे.

नायगाव हे सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यातलं गाव. सावित्रीबाईंचा जन्म इथं ३ जानेवारी १८३१ रोजी झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील. म्हणजे घर पाटलाचं, खातंपितं. तरी पोरीला शाळा नव्हती, कारण पोरींसाठी शाळाच नव्हत्या. शिरवळच्या बाजारात लहानग्या सावित्रीला कुणीतरी पुस्तक दिलं आणि वडिलांनी ते फेकून दिलं, अशी गोष्ट सांगतात. १८४० साली नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा, जोतीराव, तेरा वर्षांचे. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, सासरी. पुढं शिक्षिकेचं रीतसर शिक्षण घेतलं आणि १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. त्यानंतरचं आपल्याला तोंडपाठ आहे. अंगावर शेण पडलं, चिखल पडला, तरी शाळेत जाणं थांबलं नाही.

गावात सावित्रीबाईंचं घर जपून ठेवलं आहे. जवळच स्मारक आहे आणि त्यांच्या आयुष्यातले प्रसंग तिथं शिल्पांमधून दाखवले आहेत. घर जुन्या पद्धतीचं, लाकडी खांबांचं. आमच्यातल्या म्हाताऱ्या बायांना ते बघायला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. असं घर त्यांनी वापरलेलं आहे, सारवलेलं आहे. एकीनं भिंतीला हात लावून बघितला आणि म्हणाली, "आमच्या आज्याचं घर असंच होतं." सगळ्या गप्प गप्प फिरत होत्या. शेवटी बाहेर सावलीत बसल्यावर एकीनं विचारलं, "एवढी मोठी बाई. लग्न झाल्यावर ती इथं कधी आली असेल का? पुण्यात लोक शेण मारत होते, मग माहेरचे काय म्हणत असतील?"

मैत्रिणींनो, त्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीत आहे. ते खुद्द सावित्रीबाईंनी लिहून ठेवलं आहे. सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आज आपल्याला वाचायला मिळतात. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयात ती आहेत. त्यातलं १८७७ सालचं तिसरं पत्र जुन्नरजवळच्या ओतूरहून लिहिलेलं आहे, ते दुष्काळाबद्दल आहे. पण पहिली दोन पत्रं याच नायगावातून लिहिली आहेत. आम्ही पुस्तक सोबत नेलं होतं. तिथंच, त्या घराच्या सावलीत, ती दोन्ही पत्रं मोठ्यानं वाचली. आमच्यातली जी सातवी शिकलेली आहे तिनं पहिलं पत्र वाचलं. अडखळत वाचलं, पण पूर्ण वाचलं.

पहिलं पत्र १० ऑक्टोबर १८५६ चं. सावित्रीबाई तेव्हा पंचवीस वर्षांच्या. आजारी पडल्या होत्या म्हणून माहेरी आल्या होत्या. भावानं सेवा केली, काळजी घेतली, हे त्या आधी लिहितात. पुण्यात शाळेचा सगळा भार फातिमावर पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असंही लिहितात. आणि मग सांगतात की एक दिवस भावानं विषय काढला. तुम्ही दोघं नवराबायको महार-मांगांसाठी काम करता, लोकांनी तुम्हाला वाळीत टाकलंय, हे सोडून द्या, जातीच्या रूढीप्रमाणं वागा, असं तो म्हणाला.

आता हे चित्र डोळ्यांसमोर आणा. बाई माहेरी आलेली आहे, आजारी आहे, भावाच्या घरचं खाते आहे. आई शेजारी बसलेली आहे. अशा वेळी आपल्यातली कुणी असती तर काय केलं असतं? "बरं दादा, बघू" म्हणून विषय टाळला असता. माहेर तुटायची भीती केवढी असते, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. सासरी दहा शब्द ऐकून घेऊ, पण माहेरचं दार उघडं राहू दे, असं आपण म्हणतो.

सावित्रीबाईंनी विषय टाळला नाही आणि भांडणही केलं नाही. त्यांनी भावाला त्याच्याच घरातलं उदाहरण दिलं. तू शेळीला, गाईला जवळ घेतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, मग माणसासारख्या माणसाला अस्पृश्य का समजतोस, असं विचारलं. आपण करतो ते काम का करतो, शिकण्यानं माणसात काय फरक पडतो, हे शांतपणे समजावलं. पत्राच्या शेवटी भावाला आपलं बोलणं चुकलं असं वाटल्याचं त्या लिहितात.

दुसरं पत्र २९ ऑगस्ट १८६८ चं. पत्रावर नायगाव, पेटा खंडाळा, सातारा असं लिहिलेलं आहे. या वेळी प्रश्न घरातला नव्हता, सगळ्या गावाचा होता. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण पंचांग सांगत गावोगाव फिरायचा. त्याचं आणि शारजा नावाच्या महाराच्या मुलीचं प्रेम जमलं. शारजाला सहावा महिना होता. गावाला कळलं. लोकांनी दोघांना मारत, गावातून फिरवत मारून टाकायला चालवलं होतं. सावित्रीबाईंना समजलं तशा त्या धावत तिथं गेल्या.

तिथं त्यांनी प्रेमाबद्दल, जातीबद्दल व्याख्यान दिलं नाही. संतापलेल्या जमावापुढं ते चाललं नसतं. त्यांनी लोकांना सरकारी कायद्याची भीती घातली. माणसं मारलीत तर इंग्रज सरकार तुमचं काय करील, ते सांगितलं. जमाव थांबला. पण गावचे सदूभाऊ म्हणाले की या दोघांनी गाव सोडलं पाहिजे. ते दोघांनी कबूल केलं. जीव वाचला. दोघं पाया पडून रडू लागली. सावित्रीबाईंनी त्यांना जोतीरावांकडे पुण्याला पाठवायचं ठरवलं आणि तसं पत्रात लिहिलं.

हे वाचून झालं तेव्हा आमच्यात कुणी बराच वेळ बोललं नाही. गाव तेच, माणसं तीच, लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेली. भाऊबंद त्या गर्दीत असतील. आणि ही माहेरवाशीण त्यांच्यासमोर उभी राहिली. पुण्यात अनोळखी माणसांनी शेण मारणं वेगळं आणि आपल्याच गावात आपल्याच लोकांना अडवणं वेगळं. आम्हाला तरी दुसरं जास्त अवघड वाटतं.

आम्हाला नायगावात काय मिळालं म्हणाल, तर हे मिळालं. एकाच गावातून लिहिलेली दोन पत्रं आणि त्यात दोन रीती. घरातल्या माणसाला त्याला पटेल असं समजावायचं. गर्दी अंगावर आली तर कायदा पुढं करायचा. आणि दोन्ही वेळा पुढची सोय आपण करायची. गणेश-शारजाला नुसतं सोडवून सावित्रीबाई घरी गेल्या नाहीत, त्यांना कुठं पाठवायचं हेही त्यांनीच ठरवलं. याची गरज आम्हाला लवकरच पडली.

आमच्यातल्या एकीची गोष्ट सांगतो. तिच्या परवानगीनं सांगतो, नाव-गाव सांगणार नाही. तिच्या माहेरी तिची भाची आहे. पंधरा वर्षांची, नववीत शिकणारी. भाऊ आणि भावजय दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. ऊसतोडीचा हिशेब तुम्हाला माहीत आहे. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकट्या पोराला उचल मिळत नाही. म्हणून हंगामाच्या आधी पोरांची लग्नं उरकतात. पोरीच्या आईबापाचं दुःख वेगळंच असतं. सहा महिने वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची? फडावर न्यावी तर उसाच्या पाचटाच्या कोपीत तिची सोय काय? त्यापेक्षा लग्न करून दिलं की आपण मोकळे, असं त्यांना वाटतं. माया नसते असं नाही. त्यांना दुसरी वाट दिसत नाही.

गणपतीच्या दिवसांत माहेरून निरोप आला की भाचीची सुपारी ठरतेय, दसऱ्याआधी लग्न उरकायचंय. ही गटाच्या बैठकीत आली आणि गप्प बसून राहिली. बैठक संपली तरी उठेना. विचारलं तेव्हा सांगितलं. एकजण लगेच म्हणाली, "१०९८ ला फोन लाव, संपला विषय." ही म्हणाली, "फोन लावीन. पण मग भावाच्या दारात मला कोण उभं करील?"

आम्ही त्या दिवशी रात्री साडेनऊपर्यंत बसलो. नायगावचं बोलणं आपोआप निघालं. ठरलं ते असं. आधी भावाकडे जायचं, एकटीनं नाही, आमच्यातल्या दोन वडीलधाऱ्या सोबत घेऊन. जाताना रिकामं जायचं नाही, सोय सोबत न्यायची. भावाला पोरीची काळजी आहे ना, मग काळजीचं उत्तर द्यायचं. पोर सहा महिने आत्याकडे राहील, इथल्या शाळेत जाईल. शाळेतून बदलीचा दाखला कसा काढायचा, ते मुख्याध्यापकांना आधीच विचारून ठेवलं. एसटीचा पास पाचवी ते बारावीच्या मुलींना मोफत आहे, तेही बघून घेतलं. वह्या आणि कपड्यांसाठी गटातून तिला अंतर्गत कर्ज मंजूर केलं.

भावानं आधी ऐकून घेतलं नाही. "तुमच्या गटाचं माझ्या घरात काय काम?" म्हणाला. ही त्याला म्हणाली, "दादा, मला सोळाव्या वर्षी दिलंस. पहिलं लेकरू गेलं तेव्हा दवाखान्यात तूच बसला होतास रात्रभर. तुझ्या पोरीचं तसं झालं तर परत बसशील का?" त्यावर तो काही बोलला नाही. भावजय आतून बाहेर आली आणि म्हणाली, "राहू दे तिला आत्याकडं."

पण गोष्ट तिथं संपली नाही. चार दिवसांनी मुलाकडची माणसं आली. शब्द दिलाय, आमची बेअब्रू झाली, असं म्हणू लागली. भावकीतले दोघं-तिघं त्यांच्या बाजूनं उभे राहिले. तेव्हा मात्र समजावणं बाजूला ठेवलं आणि कायदा सांगितला. गावच्या ग्रामसेवकांना आधी सांगून ठेवलं होतं, ते आणि अंगणवाडीताई आल्या. मुलीचं वय अठरा आणि मुलाचं एकवीस झाल्याशिवाय लग्न लावलं तर बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६ प्रमाणं दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तो नुसत्या आईबापांना नाही. लग्न लावणारा, ठरवणारा, त्याला मदत करणारा, अक्षता टाकायला जाणारा, सगळे त्यात येतात. हे ऐकल्यावर भावकीतल्या माणसांना एकदम शेतातली कामं आठवली.

आज ती पोर आत्याकडे आहे, शाळेत जाते. पहिल्या चाचणीत गणितात कमी पडली, इंग्रजीत बरी आहे. भाऊ-भावजय कारखान्यावर गेलेत. भाऊबीजेला भाऊ आला नाही. ही स्वतः एसटीनं फडावर गेली, कोपीत बसून ओवाळून आली. तो फार बोलला नाही. पण निघताना पोरीसाठी स्वेटर दिला म्हणे. माहेर तुटलं नाही, पण पहिल्यासारखंही झालेलं नाही, असं ती सांगते. खोटं कशाला सांगायचं? अशा कामाची किंमत द्यावी लागते आणि ती बाईलाच जास्त द्यावी लागते. म्हणून तर तिच्या मागं गट हवा.

मैत्रिणींनो, तुमच्याही गटात असा निरोप येईल. हंगाम सुरू झालाय, काही घरांत लग्नं उन्हाळ्यात कोयता परत आल्यावर ठरतील. म्हणून काही गोष्टी लिहून ठेवा, लिहिता येत नसेल तर पोरीकडून लिहून घ्या.

पहिली गोष्ट, गावातल्या दहा ते अठरा वयाच्या मुलींची यादी गटाच्या वहीत ठेवा. कोण कितवीत आहे, कुणाचे आईबाप ऊसतोडीला जातात, कोण सलग आठ दिवस शाळेत आली नाही. बचतीचा हिशेब ठेवतो तसा हाही दर बैठकीला बघायचा.

दुसरी गोष्ट, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची सोय सरकारी योजनेत आहे. दसऱ्याच्या आधीच शाळा व्यवस्थापन समितीकडे मागणी करा. समितीत पालक आयांना जागा असतात, त्या जागी नुसतं नाव नको, बाई बसली पाहिजे.

तिसरी गोष्ट, बालविवाह ठरत असल्याचं कळलं तर ग्रामसेवक, अंगणवाडीताई, पोलीस किंवा १०९८ या नंबरवर सांगता येतं. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि सांगणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात. लग्नाच्या दिवसाची वाट बघू नका. मांडव पडल्यावर थांबवलं तर पोरीच्या घरच्यांचा खर्चही जातो आणि रागही वाढतो. सुपारीच्या वेळी थांबवणं सगळ्यांना सोपं जातं.

आणि चौथी गोष्ट, लग्न थांबवलं की पोरीची पुढची सोय त्याच दिवशी ठरवा. कुठं राहील, कोणत्या शाळेत जाईल, खर्च कोण करील. ते ठरलं नाही तर दोन महिन्यांनी दुसऱ्या गावात गुपचूप लग्न लागतं.

नायगावला जायचं असेल तर जरूर जा. ३ जानेवारीला तिथं मोठा कार्यक्रम असतो आणि गर्दी असते. निवांत बघायचं असेल तर दुसरा दिवस निवडा. पोरींना सोबत न्या. आणि जाण्याआधी ती दोन पत्रं मिळवा. गावातल्या हायस्कूलच्या शिक्षकांना विचारा, ते मदत करतील. ती घरी वाचू नका, तिथं जाऊन वाचा. जिला थोडंफार वाचता येतं तिच्याकडून वाचून घ्या. अडखळली तरी चालेल.

यंदा ३ जानेवारीला आमच्या गावात भाषणं होतीलच. आम्ही शाळेत सांगून ठेवलंय की त्या दिवशी पहिलं पत्र मोठ्यानं वाचायचं. वाचणार कोण, तेही ठरलंय. नववीतली पोर आहे, आत्याकडे राहते.